फाटकावरच्या माणसाचं नाव

चाकणच्या संग्रामदुर्गाचा किल्लेदार कोण, हे इथल्या चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. फिरंगोजी नरसाळा. १६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाची अफाट फौज या एवढ्याशा भुईकोटाला वेढा घालून बसली आणि मूठभर शिबंदीनिशी फिरंगोजीने जवळजवळ दोन महिने तिला दाद दिली नाही. शेवटी सुरुंग भरून बुरूज उडवावा लागला, तेव्हा कुठे मोगल आत शिरले. आज तटाचे दगड मोजके उरलेत, खंदक बुजत आलाय. नाव मात्र शाबूत आहे. फाटक राखणाऱ्याचं नाव विसरायचं नसतं, एवढी रीत आपल्याला तेव्हा तरी कळत होती.

आता चाकणला फाटकं मोजायची सोय राहिली नाही. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे... जिथे कांदा-बटाटा निघायचा तिथे शेड उभ्या राहिल्या, शेडमागे गोदामं आली, गोदामांमागे सोसायट्या. प्रत्येकाला एक लोखंडी फाटक, फाटकाशेजारी पत्र्याची केबिन, केबिनमध्ये एक खुर्ची आणि त्या खुर्चीत रात्रभर जागा राहणारा एक माणूस. त्याचं नाव विचारून पाहा. 'बहादूर' असं उत्तर येईल. तेही लक्षात नसेल तर नुसतंच 'गुरखा'.

दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी स्वतःचं सांगतो. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. फाटकावरच्या माणसाला मीही चार वर्षं बहादूरच म्हणत होतो. त्यातही 'ए बहादूर, इकडे ये'. ते माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. गावाकडे सात-आठ वर्षांनी मोठ्या माणसाला मी 'अहो' सोडून दुसरं काही म्हटलं असतं, तर वडिलांनी तिथल्या तिथे कानाखाली काढली असती. फाटकावरच्या माणसाला मात्र अरे-तुरे करताना जीभ अडखळली नाही. मराठीत आदर नावात नसतो, क्रियापदात असतो. 'ये' आणि 'या' यांत अख्खी जातव्यवस्था बसते.

मग एकदा पोलिसांकडे द्यायच्या माहितीसाठी कमिटीने कामगारांची नोंदवही केली. नाव, आडनाव, गाव, जिल्हा असे रकाने पाडले. या गृहस्थांनी पेन घेऊन स्वच्छ देवनागरीत आपलं नाव लिहिलं. आमचे सचिव चकित. "तुला मराठी लिहिता येतं?" ते म्हणाले, "नाही साहेब, ही आमचीच लिपी आहे." आडनावाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं 'के.सी.' सचिव म्हणाले, "शॉर्टकट नको, पूर्ण आडनाव लिही." ते म्हणाले, "हेच पूर्ण आहे." त्यावर सचिवांनी लाल पेनाने के.सी.वर आडवी रेघ मारली आणि बाजूला स्वतःच्या हाताने लिहिलं, 'बहादूर (गुरखा)'. मी शेजारीच बसलो होतो. चहा पीत होतो. काही बोललो नाही.

ती रेघ मला पुढे दोन आठवडे दिसत राहिली. शेवटी एका रात्री केबिनपाशी जाऊन विचारलं, "तुमच्या के.सी.चा अर्थ काय हो?" पहिल्यांदाच 'तुमच्या' म्हटलं, तर तेच जरा दचकले. "खत्री क्षेत्री," ते म्हणाले. नेपाळच्या अगदी पश्चिम टोकाला अछाम नावाचा जिल्हा आहे, तिथले. आणि मग जाता जाता म्हणावं तसं म्हणाले, "आम्ही गोरखा नाही साहेब. आम्ही खस."

'खस' हा शब्द मी खसखशीपलीकडे कधी ऐकला नव्हता. आमच्या दारात चार वर्षं एक माणूस बसलेला, आणि त्याच्या समाजाचं नाव मला माहीत नाही. वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की हे नाव महाभारताइतकं जुनं आहे.

सभापर्वात युधिष्ठिराला मुंग्यांनी उकरलेलं सोनं आणून देणाऱ्या डोंगरी लोकांत खस आहेत. कल्हणाच्या राजतरंगिणीत काश्मीरच्या दक्षिणेच्या डोंगरांतले खस पानापानावर भेटतात. त्यांतला तुंग नावाचा म्हशी राखणारा एक खस तर दिद्दा राणीचा मुख्य मंत्री होऊन बसला. आणि मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात एक यादी आहे: पौंड्रक, द्रविड, कांबोज, यवन, शक, चीन, किरात, दरद, खश. मनूचं म्हणणं, हे सगळे मुळात क्षत्रियच. पण संस्कार सुटले, ब्राह्मणांचं दर्शन घडेना, म्हणून हळूहळू वृषल झाले, म्हणजे शूद्रत्वाला गेले. चीन आणि द्रविड एका रांगेत, आणि दोघांचं दुखणं एकच, की भटजी भेटले नाहीत! हसू येतं. पण या हसण्यासारख्या यादीने हिमालयातल्या एका अख्ख्या समाजाला दीड-दोन हजार वर्षं आपल्या नावाची लाज बाळगायला लावली. कुमाऊं-गढवालात 'खसिया' हा शब्द माणसाला खाली पाडायला वापरला जाई. आमचे वारकरी बांधव भागवताचे पारायण करतात. त्यांनी दुसऱ्या स्कंधात पाहावं. किरात, हूण, आभीर यांच्या जोडीला खसांचंही नाव तिथे आहे, विष्णुभक्तांच्या आश्रयाने शुद्ध होणाऱ्यांच्या पंक्तीत. म्हणजे उदार ग्रंथानेही आधी त्यांना अशुद्ध धरलं, मग शुद्ध केलं.

ज्यांना मनू वृषल म्हणत होता ते तोवर काय करत होते? राज्य करत होते. आजच्या नेपाळच्या कर्णाली भागात जुम्ल्याजवळ सिंजा नावाचं खोरं आहे. तिथे राजधानी असलेल्या खस मल्ल राजांचा अंमल बाराव्या ते चौदाव्या शतकात पश्चिम तिबेटपासून कुमाऊं-गढवालच्या काही भागापर्यंत होता. त्यांतला अशोकचल्ल हा राजा बौद्ध. तेराव्या शतकातल्या बोधगयेच्या शिलालेखात तो स्वतःला अभिमानाने 'खसदेशराजाधिराज' म्हणवतो. लाज बिज काही नाही. त्याच घराण्यातल्या पृथ्वीमल्लाने १३५७ साली दुल्लू इथे एक कीर्तिस्तंभ उभारला. त्यावर बौद्धांचा मणिपद्म मंत्र आहे, राजांची वंशावळ आहे, आणि त्यातला मजकूर संस्कृताबरोबर तिथल्या लोकभाषेतही आहे. आपल्या ज्ञानेश्वरीनंतर जेमतेम सदुसष्ट वर्षांनी खसांची बोली दगडावर चढली होती. त्याच बोलीला पुढे 'खस कुरा' म्हणत, कुरा म्हणजे गोष्ट, बोलणं. गोरखा राज्याने ती उचलली तशी ती 'गोरखाली' झाली, आणि विसाव्या शतकात 'नेपाली'. भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत १९९२ साली कोकणी शिरली, त्याच घटनादुरुस्तीने नेपालीही शिरली. भाषेला मान मिळाला, पण वाटेत तिच्या नावातला खस गळून पडला.

आता 'गुरखा' या शब्दाकडे येऊ. गोरखा ही जात नाही, ते एक गाव आहे. सिंजाचं राज्य फुटल्यावर पश्चिमेला बावीस आणि मध्य भागात चोवीस छोटी राज्यं झाली. त्या चोविसांतलं एक गोरखा. तिथल्या पृथ्वीनारायण शाहाने १७६८ साली काठमांडू घेतलं आणि त्याच्या वारसांनी १७९० च्या सुमाराला डोटी-अछामचा पश्चिम मुलूख आणि कुमाऊं जिंकला. १८१४ ते १८१६ या काळात इंग्रजांशी युद्ध झालं, शत्रूचं शौर्य पाहून इंग्रजांनी युद्ध चालू असतानाच त्यांची पलटण काढली, आणि शेवटी सुगौलीचा तह झाला. इंग्रजांनी गोरखा राज्याच्या सगळ्याच शिपायांना सरसकट 'गुरखा' करून टाकलं; त्यांत मगर, गुरुंग होते, राई, लिंबू होते आणि खस क्षेत्रीही होते. सैन्यात त्या नावाला मान आहे, तो असावाच. पलटणीतून निवृत्त झालेले शिपाई साहेबांच्या बंगल्यांवर पहारेकरी झाले आणि शब्द पलटणीतून बंगल्यावर, बंगल्यावरून सोसायटीच्या केबिनमध्ये उतरला.

तेव्हा अछामच्या माणसाला गोरखा म्हणणं म्हणजे त्याला त्याच्या जेत्याच्या नावाने हाक मारणं. तंजावरच्या तमिळ शेतकऱ्याला कुणी 'काय रे मावळ्या' म्हणावं, तसं. गढवाल-कुमाऊंच्या माणसाच्या बाबतीत तर हे आणखी टोचतं. चाकणच्या कारखान्यांत पौडीचे, अल्मोड्याचे कितीतरी लोक आहेत. त्यांनाही आपण गुरखा म्हणून मोकळे होतो. गढवालात 'गोरख्याणी' हा शब्द अजून जुलमाच्या अर्थाने चालतो. १८०३ ते १८१५ या गोरखा राजवटीची ती आठवण आहे. बंगालातल्या आया पोरांना निजवताना 'बर्गी' आले म्हणून भीती घालत, हे आपण थोड्या अवघडलेपणाने ऐकतो. ते बर्गी म्हणजे आपलेच मराठे स्वार. एखाद्या बंगाल्याला उद्या कुणी बर्गी म्हणून हाक मारली, तर तो काय म्हणेल?

'बहादूर'ची कथा निराळी. नेपाळात कितीतरी जातींच्या पुरुषांच्या नावात तो मधला शब्द असतो, मोगल दरबारातल्या किताबावरून आलेला. आपल्याकडेही तो किताबच होता. चव्हाणांना 'हिंमतबहादूर' मिळाला, न्यायमूर्ती रानडे 'रावबहादूर' झाले. रावबहादूर म्हटलं की खुर्ची सोडून उभा राहणारा समाज, नुसतं बहादूर म्हटलं की गाडी पुसायला सांगतो.

इथवर वाचून वाचकाचा समज होईल की मी खसांची बाजू घेऊन आपल्याला झोडपतोय. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मला केबिनमध्येच कळलं.

आंबेठाण चौकाच्या अलीकडे चायनीजची एक गाडी लागते. तिच्यावरचा स्वयंपाकीही अछामचाच. आमच्या के.सी.ंच्या गावापासून चालत तासाभराचं त्याचं गाव. त्याचं आडनाव 'बि.क.'. तेही शॉर्टकट वाटतं. ते आहे विश्वकर्मा. म्हणजे कामी, लोहारकाम करणारी जात. दोघांची बोली एक, डोंगर एक, दैवतं एक, परक्या मुलखात पोट भरायची तऱ्हा एक. पण चार वर्षांत के.सी. त्या गाडीवर जेवलेले नाहीत. मी सहज विचारलं तर खाली बघून म्हणाले, "तिथे चालत नाही." चालत नाही म्हणजे पाणी चालत नाही. शब्दसुद्धा आपलाच! १८५४ साली नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणा याने 'मुलुकी ऐन' हा कायदा केला आणि अख्ख्या नेपाळातल्या जातींची उतरंड लेखी बांधून दिली: वर जानवंवाले तागाधारी, मग दारू पिणारे मतवाली, त्यांतही गुलाम करता येणारे आणि न येणारे, आणि सगळ्यांत खाली पाणी न चालणारे. आपली उतरंड रूढीत होती, तिथे ती राजाच्या मोहरेनिशी कायद्यात होती. १९६३ साली नव्या मुलुकी ऐनाने ती पुसली. कागदावरून पुसली, के.सी.ंच्या मनातून नाही, आणि आंबेठाण चौकातूनही नाही.

मला आणि माझ्या सोसायटीला हे दोघेही 'बहादूर'. दोघांत आपण भेद करत नाही. पण ही समता नव्हे, बेपर्वाई आहे. ज्याला गावाकडे पाणवठ्यावर मज्जाव होता त्याचा इतिहास आणि ज्याने मज्जाव केला त्याचा इतिहास आपण एकाच शब्दात बुडवला.

आणि हे खस, ज्यांना मनूने खाली ढकललं, ते दुसऱ्यांना ढकलणारे कसे झाले? १८३३ साली काठमांडूचा ब्रिटिश रेसिडेंट हॉजसन याने लिहून ठेवलंय की मैदानातून आलेल्या ब्राह्मणांची खस बायकांपासून झालेली मुलं जानवं मिळवून क्षत्रियत्वाला चढली. के.सी.मधलं 'खत्री' त्याच वाटेने आलेलं. खसांतल्या मोठ्या घरांनी तर खस हे नावच टाकायला सुरुवात केली. गोरख्याच्या शाहांनी आपला वंश चितोडला नेला. जंगबहादूर मूळचा कुंवर. १८४८ साली मेवाडच्या राणा घराण्याशी नातं सांगून तो 'राणा' झाला. कर्णालीच्या आडबाजूला मात्र काही खस तसेच राहिले. जानवं नाही, गोत्राची आठवण नाही, मस्टो नावाच्या देवाची पूजा, आणि तो देव धामीच्या अंगात येतो. त्यांना 'मतवाली क्षेत्री' म्हणत. (मस्टो ऐकून कुणाला म्हसोबा आठवेल. नावाच्या सारखेपणावरून नातं जुळवायची आपल्याकडच्या हौशी संशोधकांना फार खोड आहे. मी तो मोह टाळतो.) डोर बहादूर बिष्ट हे नेपाळचे मानववंशशास्त्रज्ञ, स्वतः क्षेत्री. १९९१ साली त्यांनी एक पुस्तक लिहून आपल्याच समाजाला सुनावलं: खस मूळचे इतके उच्चनीच मानणारे नव्हते, श्रमाची त्यांना लाज नव्हती, वरच्या जातीत चढायच्या नादात त्यांनी दैववाद आणि सोवळं उसनं घेतलं.

उसनी वंशावळ म्हटली की आपण नेपाळकडे बोट दाखवू नये. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाआधी, ज्याने शून्यातून राज्य उभं केलं त्या राजाची चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंज लावावी लागली आणि भोसल्यांचा वंश मेवाडच्या सिसोदियांपर्यंत नेऊन दाखवावा लागला. काठमांडू आणि रायगड यांच्यात कोण कुठली डोंगररांग, पण दोघांनाही मान हवा तर वाट एकाच मेवाडातून जात होती. तरी गप्प बसले नाहीत ते भटजी. १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांना कळलं की आपला पुरोहित वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणतोय. मग वेदोक्ताचं वादळ उठलं. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी 'शूद्र पूर्वी कोण होते' या ग्रंथात हाच धागा पकडला: उपनयनाची किल्ली एकाच वर्गाच्या कमरेला असली की राजालाही खाली पाडता येतं; शिवछत्रपतींचा दाखला त्यांनी तिथेच दिला. आणि तो ग्रंथ त्यांनी अर्पण केला जोतीराव फुल्यांना, ज्यांनी क्षत्रिय शब्दाचा अर्थ क्षेत्राशी, म्हणजे शेताशी जोडला होता. खसांच्या बाबतीत हा अर्थ किती चपखल बसतो! कुमाऊंच्या उच्चकुलीन ब्राह्मणांत नांगर धरणं कमीपणाचं आणि तो धरणारा खस ब्राह्मण हलका. त्या उच्चकुलीनांत पंत हे घराणं, गोविंद वल्लभ पंतांचं. त्यांची परंपरा त्यांचा मूळपुरुष महाराष्ट्रातून गेला असं सांगते. म्हणजे खसांना हलकं ठरवणाऱ्यांच्या पंगतीत आपलेही पाहुणे होतेच.

२०१५ च्या सप्टेंबरात नेपाळची नवी राज्यघटना आली. तिच्यात एक चमत्कार घडला. ज्या नावाची लाज वाटायची ते नाव मोठ्या घरांनी परत मागून घेतलं. प्रतिनिधित्वाच्या वाटणीत जनजाती, मधेसी, दलित असे गट पडले आणि आपल्यालाही नाव हवं म्हणून 'खस आर्य' असा गट आला. घटनेनेच त्याचा खुलासा केला: क्षेत्री, ब्राह्मण, ठकुरी आणि संन्यासी अर्थात दशनामी. २०२१ च्या जनगणनेत नुसते क्षेत्री १६ टक्क्यांहून थोडे जास्त, डोंगरी ब्राह्मण ११ टक्क्यांहून थोडे जास्त.

त्या चौघांतला चौथा बघा. संन्यासी ही जात! गिरी, पुरी, भारती; संन्यास घेतलेल्यांनी पुन्हा संसार थाटला, त्यांची लेकरं. चाकणपासून आळंदी हाकेच्या अंतरावर. तिथे एका संन्याशाने गुरूच्या आज्ञेवरून पुन्हा संसार थाटला तर त्याला देहांत प्रायश्चित्त सांगितलं गेलं आणि त्याच्या चार लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट करायला लावली. त्यांतल्या एकाच्या ओव्या आज चाकणचा प्रत्येक कामगार मोबाइलवर ऐकतो. नेपाळात अशाच संन्याशांच्या लेकरांची अख्खी जात मान्य झाली, घटनेत बसली. धर्म एकच, पोथ्या त्याच. पोथी काय म्हणते यापेक्षा वाचणाऱ्याला काय हवंय यावर सगळं ठरतं, याला याहून चांगला पुरावा मला सापडला नाही.

पण घटनेच्या त्याच खुलाशात लोहारकाम करणारे कामी नाहीत, शिंपीकाम करणारे दमाई नाहीत, चामड्याचं काम करणारे सार्की नाहीत. खस कुरा त्यांचीही मातृभाषा. खसांच्या डोंगरात त्यांच्याही पिढ्या गेल्या; नांगराचा फाळ त्यांनीच घडवला, अंगरखे त्यांनीच शिवले. नाव परत मिळालं तेव्हा त्यांना त्यात घेतलं नाही. ते 'दलित' या वेगळ्या रकान्यात. राखीव जागांसाठी तो रकाना लागतोच, हे मान्य. पण खस म्हणजे कोण, हे ठरवताना पुन्हा जानव्याचीच दोरी लावून मोजमाप झालं, हे कसं विसरायचं? २०२० च्या मे महिन्यात रुकुम पश्चिम जिल्ह्यात जातीबाहेरच्या प्रेमप्रकरणावरून गावाने पाठलाग केला आणि सहा तरुण भेरी नदीच्या काठी मेले. भेरी ही त्या जुन्या खस राज्याच्याच मुलखातली नदी. वाचताना मला आपल्याकडचं खर्डा गाव आठवलं. २०१४, तिथेही जातीबाहेरच्या प्रेमाच्या संशयावरून मारला गेलेला सतरा वर्षांचा पोरगा. तुम्हालाही आठवत असेल. नसेल तर आठवा.

हे सगळं मी के.सी.ंना सांगितलं का? सांगितलं. एका रात्रीत नव्हे, तुकड्यातुकड्याने. पृथ्वीमल्लाचा स्तंभ त्यांना माहीत होता, दुल्लू त्यांच्या शेजारच्या मुलखात. मनूची यादी ऐकून हसले. बि.क.ंचा विषय काढला की उठून फाटकाची कडी तपासायला जायचे. माणूस वाईट नाही. माझ्यासारखाच आहे, अपमान सोसलेला आठवतो, केलेला आठवत नाही.

कमिटीच्या बैठकीत मी विषय काढला तेव्हा एक सभासद म्हणाले, "नावात काय ठेवलंय? पगार वाढवा, त्याने त्याचं पोट भरेल." बोलणं बिनतोड वाटतं. मी रजिस्टर पुढे ओढलं. चार वर्षांत त्या माणसाची एकही साप्ताहिक सुट्टी मांडलेली नव्हती. बारा तासांची रात्रपाळी, तीनशे पासष्ट दिवस; मध्ये दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, गावी गेले की बदली माणूस तेच देत, त्याचा पगारही त्यांच्याच पगारातून. पगार वाढवायचा आग्रह धरणाऱ्या या सभासदांना ते ठाऊक नव्हतं. कसं असेल? हजेरी 'गुरखा' या नावाने लागत होती, आणि गुरखा फाटकावर रोजच होता. कधी हा, कधी बदली. ज्याचं नाव नाही त्याची रजा कोण मांडणार, ओव्हरटाइम कोण मागणार, आणि उद्या अपघात झालाच तर भरपाई कुणाच्या नावाने निघणार? पगार आणि नाव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं फक्त ज्याला दोन्ही मिळतात त्यालाच वाटतं.

दुसरे म्हणाले, "पण ते स्वतःच बहादूर म्हणवून घेतात." घेतात. मुंबईत आपल्या आजोबांना 'घाटी' म्हणत, तेव्हा तेही 'जी शेठ' म्हणून पुढे जात. गिरणीत काम टिकवायचं होतं. आजोबांना तो शब्द आवडत होता असं आपण समजायचं का? घाट उतरून आलेला तो घाटी आणि पहाड उतरून आलेला तो गुरखा, दोघांनाही मैदानातल्या माणसाने डोंगराच्या नावाने हिणवलं. मावळ तालुका आपल्या शेजारी आहे. 'मावळा' हा शब्दही असाच एका डोंगरी खोऱ्याच्या नावावरून आला. तो आपण छातीवर मिरवतो, कारण तो आपण स्वतः उच्चारला. दुसऱ्याच्या तोंडी तो 'डोंगरातला उंदीर' होता.

तेव्हा चाकणकरांनो, येत्या घटस्थापनेला आपल्या फाटकावर जा. घटातलं धान उगवलं की दसऱ्याला आपण ते टोपीत खोचतो. त्याच नऊ दिवसांत त्यांच्या घरी 'जमरा' पेरतात, जवाचे पिवळे कोंब, आणि दशैंला थोरांच्या हातून टिळ्यासोबत डोक्यावर घेतात. या बाबतीत त्यांना तुम्हाला काही समजावून सांगावं लागणार नाही, तुम्हालाही त्यांना. बसायला स्टूल मागा. नाव विचारा, आडनाव विचारा, गाव विचारा, आणि 'तुम्ही' म्हणून विचारा. के.सी. असेल तर के.सी. लिहा, बि.क. असेल तर बि.क.; बोहरा, रावत, बिष्ट, धामी, मगर, विश्वकर्मा, जे असेल ते. दोघे शेजारी बसून चहा घेत नसतील तर चहा तुम्ही मागवा, आणि पहिला कप बि.क.ंच्या हाती द्या. कुणाची वंशावळ विचारू नका. आपलीही सांगू नका.

आमच्या के.सी.ंचं पहिलं नाव मी इथे दिलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, "तुमच्या रजिस्टरात लिहा साहेब, छापू नका." रजिस्टरात ते आता आहे: नाव, आडनाव के.सी., गाव, जिल्हा अछाम, साप्ताहिक सुट्टी बुधवार. वरच्या ओळीतली लाल रेघ तशीच आहे. खाडाखोड झालेल्या पानावर सचिवांची सही लागते, आणि ती अजून झालेली नाही.